किटच्या आत माणूस असतो

कोरोनाच्या काळावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं. ऑक्सिजन, खाटा, रेमडेसिवीर, पायी गावी निघालेले मजूर, बंद पडलेल्या शाळा, सगळ्यावर लेख आले, पुस्तकं आली. पण पांढरं पीपीई किट अंगावर चढवून दोन-तीन तास ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचं आत काय होत होतं, यावर सामान्य माणसांमध्ये फारशी चर्चा झालीच नाही. डॉक्टर आपापसात बोलले, त्यांच्या मासिकांत छापलं. आपण त्यांचे किटमधले फोटो शेअर केले आणि पुढे गेलो.

माझं म्हणणं थोडक्यात असं : सर्जनला किटमध्ये होणारा त्रास ही त्याची खाजगी तक्रार नाही. तो टेबलावर झोपलेल्या पेशंटचा, म्हणजे तुमचा-माझा प्रश्न आहे. जे किट अंगावर सहन होत नाही ते शेवटी रक्षणही करत नाही. आणि हा विचार साथ नसताना, शांतपणे करायचा असतो. मी डॉक्टर नाही, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण पेण आणि रोह्याच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला सरकारी दवाखाना, तिथला एखाददुसरा सर्जन आणि तिथली वीज यांच्याशी कधी ना कधी काम पडतंच.

आधी किट म्हणजे काय ते पाहू. वॉर्डात राउंड घेणाऱ्या डॉक्टरचं किट आणि ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचं किट यात फरक आहे. सर्जनच्या अंगावर आधी थिएटरचे नेहमीचे कपडे. त्यावर डोक्यापासून घोट्यापर्यंतचं बंद कव्हरऑल. तोंडावर एन-९५ मास्क, त्यावर अनेकदा दुसरा साधा सर्जिकल मास्क. डोळ्यांवर गॉगल, त्यावर फेसशील्ड. पायांना कव्हर. मग हात धुऊन कव्हरऑलवर पुन्हा निर्जंतुक गाऊन, आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या. इतकं सगळं घालून वर डोक्यावर ऑपरेशनचा प्रखर दिवा. त्यात संसर्ग पसरू नये म्हणून बऱ्याच ठिकाणी थिएटरचा एसी बंद.

माणसाचं शरीर घाम सुकला की थंड होतं. नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो उडून जायला हवा. कव्हरऑलच्या कापडावर पातळ प्लास्टिकचा थर असतो. त्यामुळे बाहेरचं रक्त किंवा थुंकी आत येत नाही, तसा आतला घामही बाहेर जात नाही. थोड्याच वेळात आतली हवा भिजलेल्या टॉवेलसारखी होते. घाम येत राहतो, सुकत नाही, अंगावरून निथळून बुटांत साचतो. शरीर तापतं, ठोके वाढतात, डोकं जड होतं. थंड देशात हे किट घातलं तरी त्रास होतो. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात नुसत्या बनियनवर बसलं तरी अंग चिकचिकतं. कोकणातल्या माणसाला दमट हवा म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या लाटेत आमच्या भागात जनाजे वाढले तेव्हा कब्रस्तानात दफनासाठी माणसं कमी पडू लागली. घरच्यांपैकी बरेच जण क्वारंटाइन असायचे. तेव्हा आम्ही चार-पाच जण किट घालून मय्यत कबरीत उतरवायचो. पहिल्या वेळी मी ते किट जेमतेम अर्धा तास घातलं असेल. पंधरा मिनिटांत गॉगलवर वाफ धरली आणि समोरचा माणूस धूसर झाला. दोरी धरलेल्या हाताची पकड नीट लागत नव्हती, कारण मोज्याच्या आत बोटं घामाने बुळबुळीत झाली होती. आमचं काम अंगमेहनतीचं होतं, बारकाईचं नव्हतं, आणि ते अर्ध्या तासात संपायचं. त्याच अवस्थेत कुणी दोन-तीन तास बारीक रक्तवाहिनी शोधून बांधत असेल, हे तेव्हा पहिल्यांदा मला नीट समजलं.

सर्जनचं काम तीन गोष्टींवर चालतं : डोळे, कान आणि बोटं. किट या तिन्हींवर पडदा टाकतं. डोळ्यांचं सांगितलंच. नाकावर चिकटपट्टी लावणं, गॉगलच्या काचेला साबणाचं पाणी फासून सुकवणं असे घरगुती उपाय डॉक्टरांनी करून पाहिले. थोडा वेळ चालायचे. पण हात निर्जंतुक असताना मध्येच गॉगल पुसता येत नाही. घाम डोळ्यांत गेला तरी तो चुरचुरतच राहणार. बोटांचं म्हणाल, तर दोन मोज्यांतून स्पर्श बोथट होतो. ऊतक मऊ आहे की घट्ट, गाठ कितपत ताणली आहे, हे सर्जनला पुष्कळदा डोळ्यांआधी बोटं सांगतात.

कानांची गोष्ट मला शिक्षक म्हणून जास्त पटते. शाळा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मास्क लावून शुद्धलेखन घालायचो. मी 'पळ' म्हटलं की अर्धा वर्ग 'फळ' लिहायचा. उर्दूच्या तासाला तर 'काफ' आणि 'काफ़' यांतला फरक मास्कमध्येच राहायचा. वर्गात एक मार्क गेला, बस. थिएटरमध्ये दोन मास्क आणि फेसशील्डमागून सर्जन एक अवजार मागतो आणि सिस्टरच्या टोपी-हूडने झाकलेल्या कानांना भलतंच ऐकू येतं, तेव्हा काय होत असेल? भूल देणाऱ्या डॉक्टरची आणखी वेगळी पंचाईत : कान हूडखाली बंद, तर स्टेथोस्कोप लावायचा कुठे? अनेक टीमनी हातांच्या खुणा ठरवून घेतल्या, छातीवर मार्करने नावं लिहिली, कारण किटमध्ये कोण कोण आहे तेच ओळखू येत नव्हतं.

हे केवळ तर्काने सांगत नाही. २०२० मध्ये २६ देशांतल्या १३४ सर्जनना किटमधल्या कामाबद्दल विचारण्यात आलं होतं. निम्म्याहून जास्त जणांनी सांगितलं की किटमुळे आपल्या ऑपरेशनवर परिणाम होतो. दहापैकी सहांहून अधिक जणांना नीट दिसत नव्हतं. दहापैकी आठांना नेहमीपेक्षा जास्त थकवा येत होता. १३४ ही संख्या मोठी नाही, आणि हे त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, हेही लक्षात ठेवू. पण सर्जन मंडळी आपला हात कमी पडतो असं सहसा कबूल करत नाहीत. इतक्या जणांनी ते म्हणावं, यातच बरंच आलं.

मग येतो पाण्याचा आणि लघवीचा विषय. तो बोलायला अवघड, म्हणून बोलला जात नाही. किट एकदा काढलं की ते टाकून द्यायचं. सुरुवातीला किटच मिळत नव्हती, देशात काही ठिकाणी डॉक्टरांनी रेनकोट घालून काम केल्याच्या बातम्या आल्या होत्या. अशा वेळी पाणी प्यायला किंवा लघवीला जायला किट काढणं म्हणजे एक किट वाया घालवणं. म्हणून ड्युटीच्या आधी कित्येक जण पाणीच प्यायचे नाहीत. काहींनी मोठ्या माणसांचे डायपर वापरले. माझ्या ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी एकदा पाळीच्या दिवसांत किट घालून सिझेरियन करण्याबद्दल सांगितलं होतं. त्यांनी फार सांगितलं नाही, मीही फार विचारलं नाही. आणि किट कुणाच्या मापाचं? उंच पुरुषाच्या. त्या सांगत होत्या, की पायाशी गोळा झालेलं कापड चिकटपट्टीने गुंडाळून घ्यावं लागायचं, आणि सैल मास्कच्या कडेने हवा जायची.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना तहानेची ओळख रोजामुळे आहे. २०२० चा रमजान एप्रिलअखेरीस सुरू झाला आणि ईद २५ मे ला झाली. २०२१ चा रमजान तर दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात आला. त्या दिवसांत किट घालून रोजा ठेवणाऱ्या डॉक्टर-सिस्टर मंडळींचं आपण खूप कौतुक केलं. कौतुक योग्यच होतं. पण रोजा माणूस नियत करून, सहरी करून, स्वतःच्या मर्जीने ठेवतो. त्यातही आजाऱ्याला आणि मुसाफिराला सवलत आहे, कारण दीनमध्ये जीव जपणं ही मोठी गोष्ट आहे. किटमधली तहान लादलेली असते, तिला सवलत नसते, आणि तिचा परिणाम दुसऱ्याच्या जिवावर होऊ शकतो. दोन्हींना एकाच पारड्यात तोलून 'किती सबर!' म्हणून सोडून देणं बरोबर नाही.

आता हे सगळं पेण-रोह्याच्या जमिनीवर आणून पाहा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात एक टीम दमली की दुसरी टीम हात धुऊन उभी राहू शकते. तालुक्याच्या ठिकाणी सर्जन मोजकेच, भूलतज्ज्ञ त्याहून मोजके. मुंबई-गोवा हायवेवरचा अपघात असो, मध्यरात्री अडलेली बाई असो की फुटलेलं अपेंडिक्स, साथीमुळे या गोष्टी थांबत नाहीत. कोकण रेल्वे जिथून सुरू होते त्या रोह्यातही लॉकडाऊनमध्ये प्रवासी गाड्या बंद होत्या. पेशंटला अलिबागला किंवा पनवेलला हलवायचं तर रस्त्यानेच. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलं. पत्रे उडाले, खांब आडवे झाले, अनेक गावांत कितीतरी दिवस वीज आली नाही. साथ आणि वादळ एकत्र येणार नाहीत, असा करार निसर्गाने आपल्याशी केलेला नाही. जनरेटरवर दिवा आणि मशीन चालली तरी पुष्कळ, अशा वेळी किटमधल्या माणसाच्या गारव्याचा विचार कोण करणार? पण तो विचार आधी केलेला असला, तरच त्या वेळी कामी येतो.

हा विचार का झाला नाही, याचं एक कारण आपल्या भाषेत आहे. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता देशाने टाळ्या-थाळ्या वाजवल्या आणि डॉक्टर 'योद्धे' झाले. हेतू चांगला होता. पण योद्धा म्हटलं की त्याने जखम मिरवायची असते, चिलखत टोचतं म्हणून तक्रार करायची नसते. मास्कने नाकावर पडलेल्या व्रणांचे फोटो आपण शौर्यपदक असल्यासारखे पाहिले. ते व्रण म्हणजे चुकीच्या मापाची, चुकीच्या कापडाची आणि चुकीच्या वेळापत्रकाची खूण होती, असं त्या गदारोळात कुणी म्हणालं असतं तर त्याला कृतघ्न ठरवलं गेलं असतं.

वापरणाऱ्याचा त्रास गंभीरपणे घेतला तर काय होतं, याचं उदाहरण सर्जरीच्या इतिहासातच आहे. १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये विल्यम हॅलस्टेड नावाचे सर्जन होते. त्यांच्या थिएटरमधल्या कॅरोलाइन हॅम्प्टन या नर्सच्या हातांना जंतुनाशक द्रावणामुळे पुरळ उठायचं, कातडी सोलवटायची. हॅलस्टेडनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले. उद्देश एवढाच, की तिच्या हातांना त्रास होऊ नये. पुढे लक्षात आलं की मोजे घातले की पेशंटच्या जखमाही कमी चिघळतात. आज जगभर ज्या मोज्यांशिवाय ऑपरेशनला कुणी हात लावत नाही, त्यांची सुरुवात एका नर्सच्या तक्रारीतून झाली. ती 'सहन कर' म्हणून गप्प बसवली गेली असती, तर पेशंटचंही नुकसान झालं असतं.

आपल्याकडेही अशी माणसं निघाली, हे अभिमानाने सांगायला हवं. २०२० च्या सुरुवातीला भारतात अशी कव्हरऑल जवळजवळ बनतच नव्हती. मे महिन्यापर्यंत दिवसाला दोन लाखांच्या वर बनू लागली. कापड उद्योगाने केलेलं हे काम लहान नाही. कोइमतूरच्या 'सिट्रा' या संस्थेत नमुने तपासले जायचे : कृत्रिम रक्त दाबाने सोडायचं आणि ते कापडातून आत जातं का पाहायचं. ही चाचणी हवीच. पण तिच्यात रक्त बाहेरून आत येतं का एवढंच कळतं. आतला माणूस किती वेळ शुद्धीवर राहून काम करू शकतो, ते कळत नाही.

तो प्रश्न विचारला मुंबईत, कुलाब्याच्या 'आयएनएचएस अश्विनी' या नौदलाच्या हॉस्पिटलमधल्या इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिनमध्ये. तिथल्या एका डॉक्टर अधिकाऱ्याने 'नवरक्षक' नावाचं किट तयार केलं. कापड हवा खेळती ठेवणारं, आपल्या उष्ण आणि दमट हवेचा विचार करून निवडलेलं. त्याचं तंत्रज्ञान पुढे लहान उद्योगांना बनवण्यासाठी देण्यात आलं. दुसरं उदाहरण मुंबईच्याच के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या निहाल सिंग आदर्श या विद्यार्थ्याचं. त्याची आई पुण्यात डॉक्टर. किटमध्ये ती घामाने किती हैराण होते हे तिच्याकडून ऐकून त्याने कमरेच्या पट्ट्यावर बसणारं, बॅटरीवर चालणारं, किटच्या आत ताजी हवा सोडणारं छोटं यंत्र बनवलं. एकीकडे स्वतः वैद्यकीय सेवेतला माणूस, दुसरीकडे डॉक्टर आईचा मुलगा. ज्यांनी त्रास जवळून पाहिला त्यांनाच उपाय सुचला. खरेदीच्या निविदा काढणाऱ्या टेबलांपर्यंत हा त्रास पोचतच नाही, कारण त्या टेबलावर किट घालून कुणी बसलेलं नसतं.

इथे एक शंका येईल : संसर्गापासून रक्षण महत्त्वाचं की आराम? मला वाटतं ही निवडच खोटी आहे. किट घालताना जेवढा धोका असतो त्यापेक्षा जास्त ते काढताना असतो. बाहेरची बाजू विषाणूने माखलेली असू शकते आणि ती अंगाला न लावता, ठरलेल्या क्रमाने एकेक वस्तू उतरवायची असते. ड्युटी संपताना घामाने भिजलेला, तहानलेला, डोकं दुखणारा माणूस नेमका तिथे घाई करतो. म्हणजे त्रासदायक किट त्याचं सर्वात जास्त नुकसान शेवटच्या पाच मिनिटांत करतं.

ही गोष्ट आपल्याला डॉक्टरांशिवायही माहीत आहे. रोह्याजवळ धाटावच्या केमिकल कंपन्यांत कामगारांना मास्क आणि सूट दिलेले असतात. पेण तालुक्यात हमरापूर-जोह्याकडे गणपतीच्या कारखान्यांत पॉलिश करताना प्लास्टरची भुकटी उडते. उन्हाळ्यात यातल्या किती जणांचा मास्क नाकावर असतो आणि किती जणांचा गळ्यात? आपण त्यांना बेफिकीर म्हणतो. पण गुदमरवणारी वस्तू माणूस संधी मिळताच खाली ओढणार, हा त्याच्या स्वभावाचा दोष नाही. सर्जनला ती खाली ओढता येत नाही, एवढाच फरक.

दुसरी शंका : साथ गेली, जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, आता हे कशाला उकरायचं? यावर मला पुण्याची आठवण द्यावीशी वाटते. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. शहरात मास्कसाठी रांगा लागल्या. अकरा वर्षांनी कोरोना आला तेव्हा पुन्हा मास्कचाच तुटवडा. मधल्या काळात आपण विसरण्याचं काम फार मन लावून केलं होतं. शिवाय टीबीच्या वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर आजही मास्क लावून उकाड्यात उभ्या असतात. त्यांची साथ संपलेली नाही.

मग मागायचं काय? माझ्या मते जिल्ह्याच्या पातळीवर चार गोष्टी अवघड नाहीत. किट खरेदी करताना रक्ताच्या चाचणीबरोबर कापडातून वाफ बाहेर जाते का हेही पाहावं, आणि थोडे नमुने मे महिन्यात इथल्याच डॉक्टर-सिस्टरना घालायला देऊन त्यांचं मत लेखी घ्यावं. मापं निदान तीन असावीत, आणि त्यात बायकांच्या मापाचा विचार असावा. किटमध्ये सलग किती वेळ काम करायचं याची मर्यादा ठरवून, साथीच्या काळात अलिबाग-पनवेलहून बदली सर्जन आणि भूलतज्ज्ञ कसे येतील याची यादी आधीच तयार ठेवावी. आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या थिएटरला वीज गेल्यावर दिवा, मशीन आणि हवा ही तिन्ही चालू राहतील अशी सोय असावी. वर्षातून एकदा किट घालून, खुणांनी बोलून सराव झाला तर उत्तमच. शाळेत आम्ही आगीचा सराव करतो, आग लागेपर्यंत थांबत नाही.

नगरपालिका, पंचायत समिती, रुग्ण कल्याण समिती, जिथे जिथे आपली माणसं बसतात तिथे हे प्रश्न विचारता येतात. मोहल्ल्यातल्या ज्या तरुणांनी तेव्हा दफनासाठी किट चढवली, त्यांनी तर जरूर विचारावेत, कारण त्यांना उत्तर अंगावर माहीत आहे. पुढच्या वेळी टाळ्या वाजवायच्या की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. डॉक्टरच्या अंगावर काय चढवणार आहोत, ते मात्र आताच ठरवून ठेवायला हवं.